आमच्या साडूंची आठ मिनिटं

न्यायाला घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. अन्यायाला आपण सगळेच घाबरतो. पण आपल्या हातून कुणाला कणभर जास्त किंवा कणभर कमी जाईल, या धास्तीनं ज्याला अन्न गोड लागत नाही, असा माणूस सबंध कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसावा. राजारामपुरीतल्या एका हायस्कुलात ते मुख्याध्यापक आहेत. घरी रविवारी मटण शिजलं की वाढायची पळी स्वतःच्या हातात घेतात, कारण या बाबतीत बायकोवरही त्यांचा भरवसा नाही. नळी एक धरायची आणि चपटं हाड अर्धं, असं त्यांचं माप. एकदा आमच्या घरी माझ्या ताटात चुकून दोन नळ्या आल्या, तर त्यांनी जेवण थांबवून सगळ्या पंगतीला विचारलं, "कुणाला नळी आली न्हाय?" माझ्या आईनं भाबडेपणानं हात वर केला. आईच्या तोंडात एकही दात नाही. तरी एक नळी माझ्या ताटातून उठून तिच्या ताटात गेली, आणि मगच साडूंच्या घशाखाली घास उतरला.

पण त्यांचा जीव खरा टांगणीला लागायचा तो दर जानेवारीत. पाचवीतल्या मुलांची निवासी शाळेची प्रवेश परीक्षा त्यांच्या शाळेत होते आणि कित्येक वर्षं केंद्रसंचालक तेच होते. मुलं बसतात ढिगानं आणि घेतात मूठभर. नंबर लागला की बारावीपर्यंतचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारचं, आणि या परीक्षेला जन्मात एकदाच बसता येतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली की साडू खिशात ओव्याची पुडी बाळगू लागत. घंटा वाजवायला जावं आणि घंटेची हातोडीच सापडू नये, असली स्वप्नं त्यांना पडत. आदल्या दिवशी सगळ्या वर्गांतली घड्याळं उतरवून ऑफिसच्या टेबलावर मांडत आणि सेकंदकाटे जुळेपर्यंत हलत नसत. प्रत्येक बाक दोन्ही तळव्यांनी दाबून बघत, त्यावर पेन्सिल ठेवून ती घरंगळते का ते बघत. अकरा वाजता ऊन कुठल्या बाकावर येतं याची त्यांनी वही ठेवली होती. पर्यवेक्षकांना करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला वर्गाबाहेर काढायला लावत, म्हणजे भर परीक्षेत आमचे गुरुजन अनवाणी फिरत. एका पुढाऱ्यानं आपल्या भाच्याला पुढचा बाक मागितला, तर साडू म्हणाले, "पुढला काय, मागला काय, लांबी येकच हाय. पट्टी आणू?" एका वर्षी वर्गात गांधीलमाशी शिरली आणि मुलं उठून भिंतीला चिकटली. साडूंनी त्या वर्गाला मोजून साडेतीन मिनिटं वाढवून दिली. वाया गेलेला वेळ भरून द्यायचा अधिकार केंद्रसंचालकाचा, आणि तो त्यांनी कधी वाया जाऊ दिला नव्हता.

अशात माझी मुलगी तनुजा पाचवीत गेली. आम्ही गडमुडशिंगीत राहतो आणि मी तिथल्या दूधसंस्थेत सचिव आहे. पोरगी हुशार, गावच्या शाळेत शिकणारी. दोन वर्षं ती पहाटे उठून, माझ्याबरोबर संस्थेत येऊन, दुधाच्या कॅनच्या खडखडाटात गणितं सोडवत होती. हॉलतिकीट आलं तर त्यावर केंद्र साडूंचं. मला आनंद झाला आणि साडूंना घाम फुटला. त्यांनी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र टाकलं, की माझ्या मेव्हणीची मुलगी या केंद्रावर आहे, तरी मला मोकळं करावं. तिथल्या बाबूनं फोन करून सांगितलं, "सर, कोल्हापुरात नाती धरून बसलो तर परीक्षा सांगलीला घ्याय लागंल की." म्हणून ते राहिले. पण दोन महिने त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. एका लग्नात ते जिलेबी वाढत होते, तर तनूपाशी आल्यावर त्यांनी ताट दुसऱ्याच्या हातात दिलं. परीक्षेच्या दिवशी ती फाटकात त्यांच्या पाया पडायला वाकली, तर दोन पावलं मागं सरून म्हणाले, "बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" मी हसलो. तनू हसली नाही, हॉलतिकीट घेऊन सरळ आत गेली.

परीक्षा संपली. शेवटचे सहा प्रश्न राहिले म्हणून ती रडतच बाहेर आली. त्याच संध्याकाळी साडू बसनं गडमुडशिंगीला आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहाला हात लावला नाही.

"पावणं," ते म्हणाले, "चार नंबरच्या वर्गाची आठ मिनिटं माझ्याकडनं बुडाली."

तनू चार नंबरच्याच वर्गात होती. झालं होतं असं, की पेपर वाटायच्या वेळी त्या वर्गात एक बाक डुगडुगताना साडूंना दिसला. आदल्या दिवशी तपासलेला बाक कुणीतरी बदलला होता. मग हे गुडघ्यावर बसले आणि पुठ्ठ्याचे तुकडे पायाखाली सारत राहिले, आणि तोवर पेपर पर्यवेक्षक मॅडमच्या हातात तसेच. परीक्षा संपत आली तशा त्या मॅडम ऑफिसात येऊन म्हणाल्या, "सर, बाकापायी आठ मिनिटं गेलीत, वाढवून देऊ?" साडू उठून वर्गाच्या दारात गेले. तोंडावर हो आलंच होतं, तेवढ्यात तिसऱ्या ओळीत त्यांना तनू दिसली. साडूनं साडूच्या पोरीला वेळ वाढवून दिला, असं उद्या सगळी राजारामपुरी बोलेल, हे त्यांच्या मनात आलं आणि तोंडातून निघालं, "न्हाय. पेपर गोळा करा."

माझी बायको भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "दाजी, त्या वर्गात किती पोरं हुती?"

"चोवीस."

तनू कधी दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती म्हणाली, "काका, त्या वर्गात माझा नंबर नसता तर दिला असता वेळ?"

"दिला असता," साडू म्हणाले.

"मग बाकीच्या पोरांचा वेळ माझ्यामुळं गेला व्हय?"

एवढ्या वर्षांत हजारो मुलांच्या शंकांना उत्तरं दिलेला तो माणूस उठला आणि बसस्टॉपकडं चालू लागला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहून वर पाठवली आणि चोवीस मुलांची परीक्षा पुन्हा घ्या अशी विनंती केली. उत्तर आलं, की केंद्रावरील परीक्षा सुरळीत पार पडल्याचा अहवाल आपल्याच सहीनिशी प्राप्त आहे. ते खरंच होतं. परीक्षेच्या दिवशी दुपारी सवयीनं सही झाली होती. पुढं निकाल लागला. चार नंबरच्या वर्गातला एकच मुलगा निवडला गेला. तनूचं नाव नव्हतं. सहा प्रश्नांनी तिचा नंबर लागला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला छळत होतं ते हेच. मी साडूंशी बोलणं टाकलं. बायकोनं बहिणीला फोन करणं सोडलं. तनू तर पुस्तकच उघडेना. शाळेत कुणी परीक्षेचं नाव काढलं की ती उठून जायची.

मग कानावर येऊ लागलं, की साडू दर रविवारी बसनं फिरतायत. चोवीस मुलांची यादी घेऊन, बैठक क्रमांकाप्रमाणं, एकेका घरी जाऊन माफी मागतायत. ज्याची निवड झाली त्याच्याही घरी गेले, कारण आठ मिनिटं त्याचीही गेली होती. पन्हाळ्याला एका मुलाचा बाप म्हणाला म्हणे, "सर, आमचं बेनं अर्ध्या तासात पेपर पालथा घालून खिडकीतनं भाईर बघत बसलं हुतं. तुमी कशाला येवढी चढण चढून आलासा?" साडूंनी उत्तर दिलं, "तरीबी आठ मिनिटं त्याची हुती. भाईर बघायला का हुईनात." हे ऐकून मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. बायको म्हणाली, सगळीकडं जातायत, आपल्याकडं तेवढं येत नाहीत.

मे महिन्यातल्या एका रविवारी दारावर टकटक झाली. आमच्या दाराला टकटक कुणी करत नाही, हाक मारून सरळ आत येतात. उघडलं तर साडू. उन्हानं चेहरा काळवंडलेला, गालफडं बसलेली, हातात घडी पडून मऊ झालेली यादी. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"तनुजाला बोलवा," ते म्हणाले.

तनू आली. ते तिच्यासमोर ताठ उभे राहिले. "बाळ, तुझी आठ मिनिटं मी दिली न्हाईत. चूक माझी येकट्याची हाय. वर्गातल्या दुसऱ्या कुणाचीबी न्हाय."

माझ्यानं राहवलं नाही. "आज सुचलं व्हय हे? आमच्या दाराला यायला येवढं दिस लागलं?"

"तिचा नंबर सतरावा हाय," ते म्हणाले. "नातं हाय म्हणून आदी आणायची न्हाय, आन नातं हाय म्हणून मागं ढकलायची न्हाय. येकदा ढकलली तेवढं बास झालं."

तनूनं यादीकडं बघितलं. "काका, सगळ्यांना हेच सांगितलंसा? चूक तुमची येकट्याची म्हणून?"

"सोळा जणांना. अजून सात हाईत."

"मग काय म्हणाली ती पोरं?"

"काय न्हाय. कुणी पाणी दिलं, कुणी नुसतंच बघितलं."

ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. त्यांनी उभ्यानंच पाणी प्यायलं. थोडं सदऱ्यावर सांडलं. भांडं परत घेताना ती म्हणाली, "आता आत या की काका." तेव्हा कुठं त्यांनी चपला काढल्या. इतके महिने धरून ठेवलेला राग मी मनात शोधला, तर तो सापडेना. समोर एक थकलेला माणूस होता, आणि त्याला अजून सात दारं गाठायची होती.