पाठमोरी मुंबई

"ह्यात एकाचंबी तोंड नीट दिसत न्हाई," म्हणून माझ्या भावाच्या फोटोंना अख्खं मिरजगाव हसलं होतं.

दादा काल दुपारी गेला. वय झालं होतं. फार त्रास झाला नाही.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, आमच्या नगर जिल्ह्यातली.

गावात दादाचा छोटा फोटो स्टुडिओ होता. त्या वर्षी लग्नंच नाहीत, तर फोटो कोण काढणार? हा पठ्ठ्या कॅमेरा गळ्यात अडकवून आठ दिवस मुंबई बघायला गेला.

परत आला तो सहा रोल भरून. सगळे ब्लॅक अँड व्हाइट.

मला वाटलं, समुद्र असेल, राणीचा बाग असेल.

तर हातगाड्या, धूर, गटारं, फुटपाथवर भरदुपारी झोपलेली माणसं. निम्मे फोटो हललेले. आणि माणसं बहुतेक पाठमोरी.

आमचे वडील वैतागले. "आरं, ह्यात मुंबई कुठं हाय?"

"हीच की," दादा म्हणाला. आणि सगळे प्रिंट स्टुडिओत टांगले.

लोक यायचे, बघायचे, हसून जायचे.

एक दिवस शेजारच्या वस्तीवरची कोंडाकाकू आली. तिचा थोरला, नामा, दीड वर्षापूर्वी भांडून मुंबईला गेलेला. पत्र नाही, निरोप नाही.

एकेक फोटो बघत ती हातगाडी ओढणाऱ्या तिघांपाशी थांबली.

"ह्यो मधला माझा नामा हाय."

"काकू, पाठ तर दिसतीय नुसती," दादा म्हणाला.

"डावा खांदा बघ की. झाडावरनं पडल्यापासनं असाच उतरलाय."

मग हळूच म्हणाली, "मीच म्हनले हुते त्याला, पुन्हा तोंड दावू नको."

दादानं तो फोटो मोठा करून घेतला आणि परत मुंबईची एसटी धरली.

मी विचारलं, "आणि तो नामा नसला तर?"

"मग हा कोण आहे, ते तरी कळेल."

मशीद बंदरला जिथं तो फोटो काढला होता, त्याच कोपऱ्यावर तो तीन दिवस हमालांना प्रिंट दाखवत उभा राहिला. चौथ्या दिवशी एकजण म्हणाला, "अरे, हा तर आमचा नगरवाला!"

नामाला बोलावून आणलं. फोटो बघून त्यानं विचारलं, "कुनी वळखलं?"

"तुझ्या आईनं."

नामा गाडीच्या दांडीवर बसला आणि ढसाढसा रडला.

"तो रडतानाचा फोटो काढलास का?" मी नंतर विचारलं.

"अगं, सुचलंच नाही."

दोघं एकाच एसटीनं गावी आले. स्टँडवर कोंडाकाकू एवढंच म्हणाली, "लई वाळलास रं." आणि लेकाच्या हातातली पिशवी घेऊन पुढं चालायला लागली.

आज त्या सहा रोलचं पाकीट उघडून बसलेय.

छत्री धरून पळणारी बाई. भिंतीला टेकून विडी ओढणारा म्हातारा. गोण्यांवर बसलेले दोघं.

ही कुणाची माणसं असतील रे दादा? त्यांची कुणी वाट बघत होतं का?

तुलाही माहीत नव्हतं. पण तू विचारायला गेला असतास.

नीट जा, दादा.
तुझी धाकटी.