सासऱ्यांनी दारावर न लावलेलं आडनाव

हॅम्बर्गला सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा खालच्या बेलच्या पाट्यांवर नवऱ्याचं आडनाव मला सापडेचना. फोन केला तेव्हा कळलं, पाटीवर सासूबाईंचं माहेरचं जर्मन आडनाव आहे. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी पाटी तीच.

सासरे तरुणपणी स्पेनहून बंदरात काम करायला आलेले. आम्ही जर्मनमध्ये बोलायचो. वडीलधाऱ्या माणसाला 'डू', म्हणजे 'तू', म्हणायला माझी जीभ वळेना, मी आदराचं 'झी'च म्हणायची. ते चिडवायचे, "मी काय तुझा साहेब आहे?"

मला सातवा महिना लागला तेव्हा ते फुप्फुसाच्या आजाराने हॉस्पिटलात होते. घरी परत येणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. लग्नानंतर आम्ही नवराबायकोने आपापली आडनावं ठेवली होती, त्यामुळे बाळाला कुणाचं लावायचं ते ठरवायचं होतं. नवऱ्याला वडलांचं हवं होतं. मलाही.

एक दिवस नवरा कॉफी आणायला खाली गेला, तसं सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"बाळाला माझं आडनाव लावू नका. तुझं लावा. माझं माझ्याबरोबर जाऊ दे."

मग श्वास घेत घेत सांगितलं. त्यांचं आडनाव एक्सपोसितो. मूळ लॅटिन, अर्थ बाहेर ठेवलेलं. पूर्वी स्पेनमध्ये अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असायचं. बाहेरून त्यात बाळ ठेवायचं, कपाट आत फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आत नन्स बाळ उचलून घ्यायच्या. आईबाप ठाऊक नाहीत, म्हणून अशा कित्येक मुलांना हेच आडनाव मिळालं. सासऱ्यांचे आजोबा त्या कपाटातून आलेले. पुढे कायद्याने आडनाव बदलायची सोय झाली. पुष्कळांनी बदललं, यांच्या वडलांनी नाही.

"शाळेत हजेरी घेताना मास्तर माझ्यापाशी थांबायचे," ते म्हणाले. "इथे जर्मनांना काही कळत नव्हतं. मला तेवढंच बास होतं. पण बंदरात आमचे लोकही होतेच की."

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. माझे वडील लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. आमचं आडनाव ऐकलं की आमच्याकडच्या माणसाला जात कळते. भावाने गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं आडनाव घेतलं, तर वडलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यावर वडलांचंच आडनाव आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ते विचारलं, "अच्छा" म्हणाले, आणि त्यानंतर मला एकही अवघड प्रश्न विचारला नाही. अभ्यास सगळा तसाच पोटात राहिला.

"पापा, यात लाज तुमची नाही," मी म्हणाले. "लाज टाकून जाणाऱ्यांची."

"टाकून जाणारी माझी पणजी होती," ते म्हणाले. "तिला तू ओळखत नाहीस. मीही नाही."

तरी मी म्हणाले, "बाळाला तुमचंच लागणार."

त्यांनी मनगट सोडलं आणि खिडकीकडे तोंड केलं. "तू शिकलेली आहेस," एवढंच म्हणाले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते घाबरलेत. नाव वाईट नाही." आणि आम्ही तेच लावलं.

मुलगी झाली तेव्हा सासऱ्यांना शेवटची घरघर लागायची बाकी होती. तिला त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी तिची बोटं मोजल्यासारखी चाचपली. आडनाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

दफन झाल्यावर जवळच्या कॅफेत कॉफी आणि केक होता. त्यांच्याच गावाकडचा, बंदरात बरोबर काम केलेला एक म्हातारा काठी टेकत आमच्यापाशी आला. मुलीचा गाल कुरवाळत म्हणाला, "बापाचं लावलंत की आईचं?"

"बापाचं," मी ताठ मानेने म्हणाले.

"आख, या," तो जर्मनमध्ये म्हणाला, आपल्या 'अच्छा'सारखं.

हात त्याने काढला नाही. उलट जास्तच हळू फिरवायला लागला, आजारी पोराच्या अंगावरून फिरवतात तसा. मला परीक्षेची ती खोली आठवली.

नवरा प्लेट घेऊन आला. "काय म्हणाले ते?"

"काही नाही," मी मुलीला उचलून घेतलं. "गोड आहे म्हणाले."