नळदुर्गच्या फ्लेक्सवरचे तिघे

माझा धाकटा भाऊ पियानो वाजवतो, हे धाराशिवात सांगायची मी एक पद्धत ठरवून टाकली आहे. 'पेटीसारखंच, पण मोठं आणि भात्याशिवाय.' एवढं पुरतं. त्याच्याबरोबर एक व्हायोलिन आणि एक चेलो असायचा, हे सांगायला दुसरं वाक्य लागायचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. अशा तिघांच्या संचाला ट्रायो म्हणतात आणि त्यात मुख्य कलाकार कुणी नसतो. हे तिसरं वाक्य मात्र आमच्याकडे कुणाच्या पचनी पडायचं नाही.

आमचा मंडप, खुर्च्या आणि साउंडचा व्यवसाय आहे. नवरा माणसं सांभाळतो, याद्या मी. त्यामुळे ट्रायोचे आमच्या भागातले कार्यक्रम ओघानंच माझ्याकडे आले. लातूर, सोलापूर, उमरगा, कुठल्या हॉलला स्टेज भक्कम आहे, कुठे जनरेटर लांब ठेवता येतो, हे मला माहीत होतं. डिजिटल पियानो आमच्याच टेम्पोतून गाद्यांमध्ये गुंडाळून जायचा. खरा पियानो मी जिल्ह्यात तरी कुठे पाहिलेला नाही.

तिघंही तीन वाटांनी ट्रायोपर्यंत आले होते. वडील नळदुर्गला शिक्षक होते, तेव्हा भाऊ तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. पुढं सोलापूरला शिकायला ठेवला, त्या शाळेत एक जुना पियानो होता. मधल्या सुट्टीत डबा न खाता तो त्याच्यापुढं बसायचा. मग पुणे, मग शिष्यवृत्तीवर परदेश, मग परत पुण्यात शिकवण्या. व्हायोलिनवाली गोव्याची. चर्चच्या शाळेत शिकली, मुंबईत लग्नांत, हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून तिनं घर चालवलं. तिघांत तिचा हात सगळ्यात तयार आहे, असं भाऊ मला नेहमी सांगायचा. तिला कधी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. चेलोवाला हैदराबादचा, बँडवाल्या घरातला. मला आपा म्हणायचा आणि त्याची दखनी आमच्या बाजारातल्या बोलीला इतकी जवळची होती की तो आला की आमची पोरं काम सोडून त्याच्याभोवती बसायची.

नऊ वर्षं ते एकत्र वाजवत होते. त्यांचं पोट त्यावर चालत नव्हतं. तिघंही आपापली शिकवण्या-रेकॉर्डिंगची कामं करून ट्रायोसाठी वेळ काढत.

त्या हिवाळ्यात व्हायोलिनवालीला परदेशातल्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. कायमची नोकरी, पगार, रजा, सगळं रीतसर. तिनं दोघांना ते लगेच सांगितलं होतं. उत्तर द्यायची मुदत एका रविवारी संध्याकाळपर्यंत होती आणि त्याच रविवारी सकाळी नळदुर्गला कार्यक्रम ठरलेला होता. ती गेली तर ट्रायो संपला, हे तिघांना कळत होतं. चेलोवाल्यानं मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, "आपा, वो रुकना चाहती. बस तुमारा भाई बोलता नै. एक बार बोल दिया तो रुक जाती."

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "तिचं करिअर आहे ताई. मी कोण सांगणारा?"

ऐकायला हे बरं वाटत होतं. मी विषय सोडला, कारण टेम्पो भरायचा होता.

रविवारी सकाळी मी तिघांना घेऊन गाडीनं नळदुर्गला निघाले. गावात शिरताना हायवेच्या कडेला फ्लेक्स होता. मी मजकुरात तिघांची नावं एका ओळीत दिली होती, तिघांचे फोटो सारख्या मापाचे. छापून आलं ते असं. वर 'नळदुर्गचा सुपुत्र', त्याखाली काळ्या सुटातला माझा भाऊ, डोक्यापासून कमरेपर्यंत. खाली, जिथं शुभेच्छुकांचे गोल फोटो असतात, त्या ओळीत उरलेले दोघं. त्यांच्यावर बारीक अक्षरांत 'साथसंगत'. व्हायोलिनवाली एका नगरसेवकाच्या शेजारी होती. चेलोवाला खताचं दुकान आणि टायरचं दुकान यांच्या मधे.

चेलोवाला गाडीतून उतरला आणि पोट धरून हसला. "देखो आपा, मेरेकू पंक्चरवाले के बाजू में बिठाए! फोटू भी रेशन कार्ड का लगरा."

भाऊ उतरला. मागं सरून, पूर्ण फ्लेक्स येईल असा फोटो काढला आणि म्हणाला, "आईला पाठवतो. खूश होईल." गाडीत परत बसेपर्यंत त्यानं तो स्टेटसलाही टाकला होता.

व्हायोलिनवाली गाडीतच बसून राहिली. तिनं काचेतून पाहिलं, मग मोबाइल पाहिला. "ताई, साथसंगत म्हणजे तबला-पेटीवाले ना? गायकाच्या मागं बसतात ते?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बी-बियाण्यांचे व्यापारी. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माणूस दिलदार, दरवर्षी गायन-वादनाची सभा भरवतो आणि खुर्च्या कधी कमी पडू देत नाही. भावाशी फोनवर अण्णाच बोलायचे. हॉलवर पोचल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"अण्णा, तिघं सारखे आहेत म्हणून मी सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय अक्का, सांगितलं की. पण तीन फोटू सारखे टाकल्यावर मुख्य कलाकार कोण, हे लोकांला कळायचं कसं?"

"मुख्य कुणीच नसतं यात."

"असं कसं? गाडीला डायवर एकच असतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि आमी काय मनानं न्हाय केलं. छापायच्या आधी तुमच्या भावाला पाठवलं हुतं. त्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठा टाकला, चालतंय म्हणून."

हे मला नवीन होतं. फ्लेक्स आता बदलता येणार नव्हता. स्टेजवरून तिघांची नावं एकत्र घ्यायची, असं मी अण्णांकडून कबूल करून घेतलं आणि स्टेजकडे गेले. तिथं मंडळाच्या मुलांनी नेहमीसारखी बैठक घातली होती. पुढं मधोमध पियानो, मागं दोन बाजूंना दोन खुर्च्या. मी ती मोडून तिघांना एकमेकांचे डोळे दिसतील अशी मांडणी करून घेतली. व्हायोलिनवाली तारा जुळवत होती. पियानोचा स्वर हलत नाही, म्हणून बाकी दोघांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. भाऊ एक पट्टी दाबून धरायचा आणि ती खुंट्या पिळायची. नऊ वर्षं मी हे पाहत आले होते. त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

हॉल भरला. आधी सत्कार. अण्णांनी कबूल केल्याप्रमाणे निवेदकानं तिघांना एकत्र पुढं बोलावलं, पण मंडळानं फेटा एकच आणला होता. फेटा बांधणारा भावासमोर उभा राहून गुंडाळत होता, तोपर्यंत बाकीचे दोघं शाल आणि नारळ हातात घेऊन बाजूला थांबले. चेलोवाल्यानं नारळ कानाशी हलवून पाणी आहे का पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. मग अण्णांनी माइक भावाच्या हातात दिला. "गावच्या लेकानं दोन शब्द बोलावेत."

मी साउंडच्या टेबलाशी उभी होते. दुरुस्ती करायची असेल तर ती इथं होणार होती, एका वाक्याचं काम होतं. भावानं वडिलांची आठवण काढली, भजनी मंडळाची काढली, ह्याच स्टेजवर पेटी वाजवल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या दिल्या. शेवटी दोघांकडे हात करून तो म्हणाला, "आणि मला आज साथ द्यायला माझे हे दोन गुणी सहकारी इतक्या लांबून आले, त्यांचेही आभार."

त्याला अपमान करायचा नव्हता, हे मी खात्रीनं सांगते. त्या स्टेजवर तसंच बोलतात. पण तो पुण्यातही बोलला असता तर दुसरं काही बोलला असता का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

वाजवलं मात्र त्यांनी उत्तम. मधल्या संथ भागात चेलोनं सुरुवात केली, ते व्हायोलिननं उचललं, आणि भाऊ खाली नुसते एकेक सूर ठेवत गेला. हायवेवर ट्रक हॉर्न देत होते, तरी आत खुर्ची हलल्याचा आवाज नव्हता. व्हायोलिनवाली एरवी वाजवताना दर थोड्या वेळानं पियानोकडे बघायची. त्या दिवशी ती बाहेरच्या दाराकडे बघून वाजवत होती, आणि तरी एकदाही चुकली नाही.

कार्यक्रमानंतर चेलोवाल्याला हैदराबादची बस धरायची होती, या दोघांना सोलापूरहून रेल्वे. म्हणून गावाबाहेरच्या ढाब्यावर आम्ही एकत्र जेवलो. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, अख्खा मसूर. भावाच्या डोक्यावर अजून फेटा होता. वेटर येऊन विचारून गेला, लग्न कुणाचं.

व्हायोलिनवालीनं मला विचारलं, "ताई, तुमच्या धंद्यात चांगला माणूस सोडून निघाला तर तुम्ही थांब म्हणता?"

"म्हणते. कामाचा असेल तर दोनदा म्हणते."

"आणि त्याला दुसरीकडे जास्त मिळत असेल तर?"

"तरी म्हणते. जायचं असेल तर तो जातोच. पण मी म्हटलेलं त्याला माहीत असतं."

तिनं मान हलवली. ताटातली भाकरी तशीच होती. चेलोवाल्यानं टेबलाखालून भावाला पायानं डिवचलं असावं, कारण भाऊ दचकला. चेलोवाला सरळच म्हणाला, "बोल ना मियां. मुं में क्या दही जमाया?"

भाऊ तिच्याकडे वळला. मला वाटलं, आता म्हणेल. त्यानं फेटा काढला, नीट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "उत्तर किती वाजेपर्यंत द्यायचंय तुला?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्ताच देते." आणि मोबाइलवर लिहायला लागली. चार ओळी असतील. लिहून झाल्यावर तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, "चटणी मस्त आहे. बांधून मिळेल का?"

चेलोवाला जेवण अर्धवट टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. बस आल्यावर त्यानं तिला हात केला, मला आदाब केला. भावाशी काही बोलला नाही.

त्यानंतर कार्यक्रम रद्द करायचे फोन मलाच करावे लागले. उमरग्याचे लोक म्हणाले, साथीला दुसरं कुणी बघा की, मुख्य माणूस तर हाय. त्यांना समजावत बसायला मला वेळ नव्हता. तारीख रद्द, एवढंच सांगितलं.

ती आता त्या ऑर्केस्ट्रात आहे. मोठ्या संचात मागच्या रांगेत बसते, कधी कधी मला बर्फाचे फोटो पाठवते. चेलोवाला हैदराबादेत रेकॉर्डिंग करतो आणि एका शाळेत शिकवतो. भाऊ पुण्यातच आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षा असतात तेव्हा त्यांच्या व्हायोलिनला पियानोची साथ करतो, आणि ते काम तो मन लावून करतो. दोन नव्या व्हायोलिनवाल्यांबरोबर त्यानं ट्रायोचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काही महिन्यांत थांबला.

मध्यंतरी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यानं विचारलं, "ताई, ती थांबली असती का गं?"

"हो."

"तुला तसं म्हणाली होती?"

"म्हणायची गरज नव्हती."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"ढाब्यावर चेलोवाला तुझ्या तोंडावर 'बोल' म्हणाला होता. तुला ऐकू आलं होतं."

   मग तो म्हणाला, "आईला दे जरा."

मी फोन आईकडे दिला.