दर बसमागे सव्वा सेकंद

माझी आत्या डावखुरी आहे, आणि एवढ्या एका गोष्टीवरून लोकांनी तिला जेवढं ऐकवलं तेवढं एखाद्या चोरालाही कुणी ऐकवत नसेल. शाळेत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारल्या. लग्न झाल्यावर सासूबाई तिच्या हातातली सुरी काढून घ्यायच्या, म्हणे बोट कापून घेशील. तीस वर्षांत आत्याचं बोट एकदाही कापलं नाही. सासूबाईंचं दोनदा कापलं, पण त्याबद्दल बोलायची घरात सोय नव्हती.

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं. घड्याळाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण त्यात तिची खुर्ची जायची वेळ आली होती.

आत्या सतरा वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर होती. उभं राहून राहून गुडघ्यांची वाट लागली, डॉक्टरांनी उभ्याचं काम सोडा म्हणून सांगितलं, आणि बऱ्याच अर्जांनंतर तिला डेपोच्या फाटकाजवळ टाइमकीपर म्हणून बसवलं. सहा महिने काम बघणार, जमलं तर कायम, नाही जमलं तर परत गाडीवर. त्या केबिनमध्ये बसणारी ती पहिलीच बाई, त्यामुळे कधी चुकते याची वाट बघणारे पुष्कळ होते.

काम ऐकायला सोपं. बस फाटकाशी येते, घड्याळात बघायचं, वेळ झाली की हात उंच करून बस सोडायची आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. सकाळी सहा ते दुपारी दोन, जवळजवळ दोनशे बस. केबिनमधलं भिंतीवरचं घड्याळ कैक वर्षं बंद होतं, म्हणून टाइमकीपरने स्वतःचं घड्याळ वापरायचं आणि रोज सकाळी मॅनेजरसाहेबांच्या घड्याळाशी लावून घ्यायचं असा तिथला रिवाज. नवं घड्याळ बसवणं कुणालाच सुचत नव्हतं. मेमो द्यायला मात्र बरोबर सुचायचं.

आत्याचा डावा हात दिवसभर रजिस्टरवर, पेन कायम बोटांत. त्या हातात घड्याळ घातलं तर पट्टा कागदावर घासतो, मनगट वाकवलं की बाजूची वेळ लावायची किल्ली हाताच्या पाठीत रुतते, आणि वेळ बघायला लिहिता हात उचलावा लागतो. म्हणून ती उजव्या हातात घालायची. यात न समजण्यासारखं काय आहे? उजवे लोक लिहिता हात मोकळा ठेवून डाव्या हातात घालतात, तेव्हा त्यांना कुणी कारण विचारत नाही.

सकाळी सहाला साहेबांच्या घड्याळाशी जुळलेलं तिचं घड्याळ दुपारी दोनला चार मिनिटं मागे असायचं. दहाच्या पुढच्या बस उशिरा सुटू लागल्या. ड्रायव्हर कुरकुरले, पुढच्या थांब्यावरून तक्रारी आल्या, आणि तिसऱ्या महिन्यात पहिला मेमो आला. घड्याळजीने घड्याळ उघडलं, दोन दिवस आपल्या फळीवर ठेवलं आणि परत दिलं. एक सेकंदसुद्धा इकडेतिकडे नाही. "घड्याळात दोष नाही बाई, हातातच असेल," असं म्हणून तो स्वतःच हसला. मग ती दुकानात नवं घ्यायला गेली आणि किल्ली दुसऱ्या बाजूला असलेलं मिळेल का म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, दोन्ही हातांना वेळ एकच असते. ही माणसं विनोद करतात तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते.

दुसरा मेमो आला. डेपोत तिचं नाव "लेट बाई" पडलं. तिसऱ्या मेमोबरोबर चौकशीची तारीखच आली. मी तेव्हा तिच्याकडे राहून शिकत होतो. त्या रविवारी सकाळी तिने सवयीने आपलं घड्याळ माझ्या घड्याळाशी लावलं होतं; संध्याकाळी मी सहज बघितलं तर ते अजूनही अगदी जुळलेलं. सुट्टीच्या दिवशी ते मागे पडत नव्हतं! मग कामावर असं काय होतं जे घरी नव्हतं?

"कोट," आत्या म्हणाली.

तिने गणवेशाचा कोट चढवला आणि आम्ही स्वयंपाकघरात बस सोडायला सुरुवात केली. मी मोजायचं, तिने उजवा हात उंच करायचा. शंभर बस सुटल्या. घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं. नीट बघितलं तेव्हा कळलं. घड्याळ उजव्या हातात घातलं की किल्ली कोपराकडे येते, बाहीच्या आत. हात वर गेला की बाहीची जाड कड किल्ली ओढून काटा थांबवायची, आणि हात खाली आला की तीच कड किल्ली परत आत ढकलायची. दर बसमागे सव्वा सेकंद. तीन महिने आत्याच्या नावावर आळस, निष्काळजीपणा आणि बाईपणा जमा झाला तो असा, सव्वा सव्वा सेकंदाने.

चौकशीला ती घड्याळ आणि कोट घेऊनच गेली. तिने सांगायला सुरुवात केली तर साहेबांना काही पटेना. इतके टाइमकीपर झाले, कुणाची अशी तक्रार नव्हती, ते म्हणाले. तेव्हा आत्याने त्यांनाच कोट घालायला लावला, उजव्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि खिडकीपाशी उभं केलं. कोट त्यांना पाठीत होत नव्हता. पन्नास वेळा हात वर करून साहेबांना घाम फुटला आणि घड्याळ एक मिनिट मागे पडलं. दारातून कारकून बघत होता, हे साहेबांना जास्त लागलं असावं.

त्यांनी खुर्चीत बसून शेरा लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. "घड्याळ चुकीच्या हातात घातल्यामुळे उशीर. समज देऊन कायम करण्यात येत आहे."

आत्याने तो दोनदा वाचला. चुकीच्या हातात म्हणजे काय, म्हणून विचारलं. साहेब वैतागले.

"कायम केलंय ना बाई? मग एका शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"तो शब्द खोडा, मग सही करते," आत्या म्हणाली. "नाहीतर उद्यापासून मी गाडीवर जाते."

आणि तिने पेन टेबलावर ठेवलं, खुर्चीच्या हाताचा आधार घेतला आणि उठली. सहज उठणं तिला तेव्हाही जमत नव्हतं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून साहेबांनी हाक मारली. शब्द खोडला होता, शेजारी त्यांची सही होती.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मला राग आवरेना. त्यांनी खोडलं नसतं तर? सतरा वर्षांनी मिळालेली खुर्ची एका शब्दासाठी सोडणार होतीस? त्या गुडघ्यांनी परत दिवसभर उभी राहणार होतीस?

"राहिले असते," ती म्हणाली. "गुडघे दुखले असते. ते तसेही दुखतातच."