अक्कांनी न विकलेला आवाज

शकुंतला अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी माझाच आवाज ऐकत बसले होते. सांगलीला आईच्या पेन्शनच्या खात्यात काहीतरी अडलं होतं, म्हणून बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावून मराठीचं बटण दाबलं होतं. पलीकडून मीच मला सांगत होते, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थांबा.’ हे वाक्य मी आयुष्यात कुठल्याही स्टुडिओत बोललेले नाही. तेवढ्यात स्क्रीनवर रामरावांचं नाव आलं. रामराव म्हणजे अक्कांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आपणहून कधी फोन करत नाहीत. बँकेची लाइन तशीच ठेवून मी त्यांचा फोन घेतला. ते म्हणाले, “सकाळीं कॉफी पिऊन खुर्चीवर बसली होती. हाक मारली, उठली नाही.” त्यांनी फोन ठेवला तशी पहिली लाइन पुन्हा जोडली गेली, आणि माझा आवाज तितक्याच गोडव्याने मला थांबायला सांगत राहिला.

याला आता पाच आठवडे झाले. अक्कांबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि त्यातलं थोडं मला न शोभणारं आहे. तरी लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याला ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही चेन्नईत वेस्ट मांबलमला बिऱ्हाड केलं. सांगलीत मी शाळेत शिकवत होते. इथे तमिळ येत नव्हतं, त्यामुळे वर्षभर नुसती घरात बसून होते. मग कारखान्याच्या सुरक्षेच्या फिल्मला मराठी आवाज हवा झाला, आणि नवऱ्याने माझं नाव दिलं. वडपळनीच्या स्टुडिओत मी माझी पाळी यायची वाट बघत होते. आईचा फोन आला, पैसे किती मिळणार म्हणून विचारत होती. मी म्हटलं, काय देतील ते देतील. फोन ठेवला तशी समोरच्या बाकावरची बाई मराठीत बोलली. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीची सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत खडे. मी त्यांना पक्की तमिळ समजले होते. “देतील तें घेणार असलीस तर दुकान कशाला मांडतेस? दानपेटी ठेव.”

त्या शकुंतला राव. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेली माणसं. महाराष्ट्र त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता. त्यांची मराठी ऐकताना मला माझ्या पणजीच्याही मागचं कुणीतरी बोलतंय असं वाटे. ‘सांगतें’, ‘येतें’ म्हणताना शेवटचा अनुस्वार नाकातून स्पष्ट ऐकू येई, आणि वाक्याचा हेलकावा मात्र सगळा तमिळ. तीस वर्षं त्या तमिळमध्ये आवाज देत होत्या. मालिकांचं डबिंग, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, औषधांचे माहितीपट. मराठीचं काम त्यांना कधीच मिळालं नाही. एकदा मुंबईहून आलेल्या कुणी त्यांच्या आवाजाचा नमुना ऐकून सांगितलं होतं की बाई, ही मराठी नाही. अक्का हे हसत सांगत. पण सांगत मात्र वरचेवर.

त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. त्यांनी मला जे शिकवलं ते त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी, भाजी निवडता निवडता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझा दर मोठ्याने बोलायला लावला. मी बोलले. त्या म्हणाल्या, परत. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “वाक्य चांगलं उचलतेस, आणि आंकडा आला कीं आवाज खालीं बसतो. माफी मागतेस तूं. ऐकणाऱ्याला तेवढंच कळतं.” मग कळलं की त्यांच्या लेखी दर ठरवणं हाही आवाजाचाच भाग होता. आकडा सांगायच्या आधी त्या तीन गोष्टी विचारायला लावत. हे कुठे वाजणार, किती दिवस वाजणार आणि किती लोकांच्या कानावर पडणार. बोलायला दहा मिनिटं लागली म्हणून दहा मिनिटांचे पैसे नसतात. तो आवाज वर्षभर गावोगाव फिरणार असेल तर त्या फिरण्याचे पैसे असतात. आणि आकडा सांगून झाला की तोंड मिटायचं. समोरचा गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं, ती शांतता भरून काढायला आपण कमी करायचं नाही.

फुकट कामही त्या करत. एका संस्थेच्या आंधळ्या मुलांसाठी त्यांनी कितीतरी पाठ्यपुस्तकं वाचून दिली होती. पण त्याचंही बिल करत. त्यावर पूर्ण दर लिहीत, खाली ‘सूट’ म्हणून तितकीच रक्कम, आणि शेवटी शून्य. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, मी दिलं काय तें त्यांना कळलं पाहिजे, नाहीतर माझ्यामागून येणाऱ्या पोरीला ते शून्यच द्यायला निघतील. मला वाटतं, अक्कांच्या हिशेबात ती मागून येणारी पोर नेहमीच असे. मी त्यांना भेटले तेव्हा ती पोर मीच होते.

सहा वर्षं छान गेली. मला कामं मिळत गेली, माझा आवाज आकड्यावर बसेनासा झाला. मग दोन वर्षांपूर्वी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीने आम्हा दोघींना बोलावलं. त्यांना यंत्राचा आवाज तयार करायचा होता, अक्कांकडून तमिळ आणि माझ्याकडून मराठी. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांचा नमुना घेतला. पुढे कित्येक तास सुटी सुटी वाक्यं वाचायची, आणि मग आपला आवाज वापरून यंत्र काहीही बोलणार. एकरकमी पैसे. ते कायमचे, सगळ्या वापरांचे, सगळ्या जगासाठी. अक्कांनी करार घरी नेऊन दोन दिवस वाचला आणि उत्तर लिहिलं. मुदत तीन वर्षांची हवी, कुठे वापरणार त्याची नावं हवीत, प्रत्येक नव्या वापराचा दर वेगळा, आणि न पटेल ते बोलायला लावलं तर आवाज काढून घेण्याचा हक्क. खाली त्यांची सही होती, माझीही. आपण दोघी एकत्र राहिलो तर ते ऐकतील, असं त्या म्हणाल्या होत्या. मला ते पटलंही होतं.

त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. कारखान्याने त्याचा विभागच बंद केला. मुलगी दहावीत होती. कंपनीतून मला एकटीला फोन आला. अक्कांच्या अटींवर वरचे लोक विचार करताहेत, पण त्याला वेळ लागेल, आणि मराठीसाठी दुसरी एक बाई तयार आहे, असं सांगण्यात आलं. मी अक्कांना फोन केला नाही. त्यांच्या घरावरून रिक्षाने गेले, शोळिंगनल्लूरला जाऊन सही केली आणि अकरा दिवस वाक्यं वाचली. ‘आपला’, ‘कॉल’, ‘कृपया’, ‘थांबा’… सगळं सुटं सुटं. ते पुढे कुणीतरी जोडणार होतं.

अक्कांना ते कंपनीकडूनच कळलं. मराठीच्या बाई विनाअट तयार झाल्या, आता तुम्ही का अडता, असं त्यांना विचारण्यात आलं. त्यांनी काम नाकारलं. संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या, आत आल्या नाहीत. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, “सगळं वाचलंस ना, सही करायच्या आधीं?” मी हो म्हटलं. ते खोटं होतं. त्या मान हलवून जिना उतरून गेल्या.

पुढच्या सहा-आठ महिन्यांत माझी कामं आटली. कारण कुणी सांगितलं नाही, मला स्वतःच कळलं. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, कर्जाच्या जाहिरातीत, एका पंचांगाच्या ॲपमध्ये मी बोलत होते. मला बोलवायची गरजच उरली नव्हती. एकदा मुलीने मोबाइलवर काहीतरी ऐकवलं आणि विचारलं, आई, तू हे का बोललीस? जुगाराच्या खेळाची जाहिरात होती. माझा आवाज लोकांना हाका मारत होता. मी कंपनीला आवाज काढून घ्या म्हणून लिहिलं. त्यांनी सभ्य शब्दांत कराराचं कलम दाखवलं.

अक्कांनी बोलणं टाकलं नव्हतं. रस्त्यात भेटल्या की मुलीची चौकशी करत, नवऱ्याला नवी नोकरी लागली तेव्हा आनंदाने माझा हात धरला. पण त्या टेबलाशी मला परत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. त्या जायच्या पंधरा दिवस आधी मांबलम स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्यांपाशी भेटल्या. मी माफी मागायची ठरवून जवळ गेले. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, “ज्योती, तुला एक सांगायचं होतं… राहूं दे, इथें नको. निवांत घरीं ये.” मी येते म्हटलं. गेले नाही. त्यांना काय सांगायचं होतं ते रामरावांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मी ते वाक्य त्यांच्या आवाजात पुरं करू पाहते. ‘राहूं दे’पर्यंत आवाज नीट येतो, पुढे येत नाही.

तेरावा झाल्यावर आठवड्याने रामरावांनी मला बोलावलं. सगळा शेजार त्यांना तमिळ रीतीने मामा म्हणतो, मीही तेच म्हणते. त्या कंपनीने त्यांना पत्र पाठवलं होतं. आम्हाला दुःख झालं आहे, वगैरे. अक्कांनी दिलेला तो सुरुवातीचा नमुना त्यांच्याकडे होता. मामांनी वारस म्हणून संमती दिली तर त्यावरून अक्कांचा आवाज घडवता येईल, घरच्यांना तो कायम ऐकता येईल. आणि सोबत एक झलक. अक्का घरात मराठी बोलत, हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम मराठीत केली होती. मामांनी ती अजून ऐकली नव्हती. एकट्याने धीर होईना, म्हणाले.

मी फोन टेबलावर ठेवला आणि झलक लावली.

“मी बरी आहे. तुम्ही वेळेवर जेवत जा. काळजी करू नका.”

अक्काच होत्या. तीच किंचित खरखर, ‘जेवत’वर तसाच थोडा खाली येणारा सूर. मामांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

“आवाज तिचाच आहे,” ते म्हणाले. “पण बोलते आहेस तूं.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. यंत्राला मराठी माझ्याच वाक्यांवरून शिकवलेली. अक्कांचा गळा घेऊन त्यात माझी सांगलीची शिक्षिकेची मराठी भरली होती. त्यात तो अनुस्वार नव्हता, तमिळ हेलकावा नव्हता. जन्मभर नवऱ्याला ‘अहो, ऐकतां का’ म्हणणारी बाई पुस्तकातल्यासारखी ‘काळजी करू नका’ म्हणत होती. ज्या मराठीला ही मराठी नाही म्हटलं गेलं होतं, ती अक्का गेल्यावरही त्यांच्या तोंडून काढून घेतली होती. आणि तिच्या जागी ठेवलेली भाषा मी विकलेली होती. मी मामांना सगळं सांगितलं. फोन न करता रिक्षाने गेले ते, न वाचता सही केली ते. त्यांना बरंचसं माहीत होतं. अक्का माझ्याबद्दल काय म्हणाल्या, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं, “तिला राग नव्हता. तिला भीती होती, तुझी.” म्हणजे माझ्यासाठी, की माझ्यामुळे, ते मी विचारलं नाही.

नकाराचं पत्र मी लिहिलं, मामांनी सही केली. नमुना आणि झलक पुसून टाका, असंही लिहिलं. पुसल्याचं उत्तर आलं. खरंच पुसलं का, हे कळायला मार्ग नाही. कधीतरी कुठल्याशा लिफ्टमध्ये अक्का माझ्या मराठीत मला मजला सांगतील, या भीतीने मी अजून नव्या इमारतीत जिना चढते.

गेल्या रविवारी मामांनी मदतीला बोलावलं. आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करायचं होतं. करोनात स्टुडिओ बंद पडले होते त्या काळात अक्कांनी त्याचे खण काढून आत चारी बाजूंनी गोधड्या खिळवल्या होत्या, माइक टांगला होता आणि त्यात उभ्या राहून त्या रेकॉर्डिंग करत. गोधड्यांना कुबट वास येतोय, गच्चीवर ऊन दाखवू या, असं मामा म्हणत होते. एक खिळा काढला आणि त्यांचा हात थांबला. मागच्या गोधडीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, खोबरेल तेलाचा गोल डाग होता. लांबलचक मजकूर वाचताना त्या तिथे कपाळ टेकत असणार. मामांनी तो डाग बोटाने चाचपला. मग गोधडी होती तशी पुन्हा अडकवली आणि खिळा ठोकायला मला सांगितलं.

ते स्वयंपाकघरात गेल्यावर मी आत उभी राहिले आणि दार ओढून घेतलं. खालून गाडी गेली असावी, फळी हलकेच थरथरली, पण आवाज आत आला नाही. गेली दोन वर्षं मी कुठे ना कुठे बोलत असते, तिथे मात्र मी बोलत नव्हते. कुणीच बोलत नव्हतं. अंधारात खोबरेलाचा आणि जुन्या कापसाचा वास होता. मी त्या डागावर कपाळ टेकलं आणि श्वास सावकाश करत उभी राहिले… किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग बाहेरून दारावर बोटं वाजली, आणि मामांनी विचारलं, कॉफीत साखर एक चमचा कीं दोन.