वाणाचं वाण

तात्यासाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची साहेबी काही निवृत्त झाली नाही. खात्यात हुकूम ऐकायला माणसं होती. आता संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरात बायको सुगंधाबाई आणि गच्चीवरच्या कुंड्या एवढाच स्टाफ उरला होता.

फाल्गुनात जावई त्रिंबक पिशोरहून आला आणि टमाट्याची रोपं देऊन गेला. "मामा, नवा वाण हाय. उन्हाला दाद देत नाय. मोकळ्या उन्हात ठेवा अन् लई लाड करू नका."

शेतकरी जावयानं साहेबाला शिकवावं, हे तात्यासाहेबांना झोंबलं. यंदा ज्येष्ठात अधिक महिना होता. जावयाला धोंड्याचं जेवण आणि तेहतीस नगांचं वाण द्यायचं होतं. त्यांनी सगळ्या पाव्हण्यांना फोन करून सांगून टाकलं, "त्रिंबकरावांनी वाण दिला, आता त्याच वाणाचं वाण देतो. तेहतीस टमाटे, घरचे!"

"वाण जाळीदार लागतं. अनारसे, बत्तासे," सुगंधाबाई म्हणाल्या.

"मग जाळी लावतो की!" म्हणत तात्यासाहेबांनी गच्चीभर हिरवी जाळी ताणली. स्वतःच्या या विनोदावर ते आठवडाभर हसत होते.

चैत्र तापला तसा त्यांना रोपांचा कळवळा आला. जाळीखाली दुसरी जाळी आली, टँकरचं पाणी आलं. शेवटी हॉलमधला कूलर हमाल लावून गच्चीवर चढवला. ऊन सोसायलाच जन्मलेली ती रोपं गारव्यात नुसती माजली. कमरेएवढा पाला, फळाचं नाव नाही. खाली सुगंधाबाई डोक्यावर ओला पदर घेऊन पोळ्या लाटत. कूलर खाली आणा म्हटलं की हे म्हणत, "रोपं कोमेजतील." बायको कोमेजते, हे त्यांच्या कानावर अजून आलं नव्हतं.

धोंड्याचा दिवस उजाडला तरी एकही टमाटा धरला नव्हता. बाजारातून आणावेत, तर पाव्हणे आधी झाडं बघणार! "गच्चीची किल्ली हरवली म्हणून सांग," तात्यासाहेबांनी बायकोला बजावलं. सुगंधाबाई अनारसे थापत होत्या.

मंडळी जमली. त्रिंबकनं टेकायच्या आधीच विचारलं, "मामा, टमाटे बघू द्या की!"

"त्याचं काय झालं, किल्ली..."

"माझ्यापाशी हाय," सुगंधाबाई कनवटीची किल्ली काढत म्हणाल्या. "चला, पानं वरच मांडलीत. खाली लई उकडतंय."

वर पानंच पानं होती. त्रिंबकनं एक झाड चाळवलं, दुसरं चाळवलं, आणि तोंडावर रुमाल धरला. पाव्हण्यांनी तेवढाही धरला नाही. तात्यासाहेबांना कठड्यावरून उडी मारावीशी वाटली.

सुगंधाबाईंनी कूलर सुरू केला, त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि जावयाशेजारी मांडी घालून बसल्या. साऱ्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला गार वारा लागला. बरं वाटलं, आणि रागही आला. नवऱ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "निम्मे अनारसे तळायचे राह्यलेत. कढई खाली गॅसवर हाय. जा, वाण पुरं करून आणा."

पाव्हण्यांदेखत नाही कसं म्हणणार? तात्यासाहेब जिना उतरले.