गुलाबी रंगातली चौकट

खेमाभाऊंइतका खडूस माणूस अख्ख्या मंगरूळपीरात सापडायचा नाही. एसटी स्टँडमागच्या आमच्या प्रेसमध्ये ते सव्वीस वर्षं मशीनमन आहेत, आणि मी सात वर्षांपासून कॉम्प्युटरवर डिझाइन करते. सकाळी आल्या आल्या नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न, "निता, ब्लीड सोडलं का?" ब्लीड म्हणजे कडेबाहेर सोडलेला जास्तीचा रंग, कटिंगमध्ये कापला जाणारा. मी एकदाच विसरले आणि हजार कार्डांना पांढरी कड आली. त्याला चार वर्षं झाली, पण टोमणा अजून चालूच. "तुमा डीटीपीवाल्यायचं काय, माउस हलवला का झालं. निस्तरा लागते आमाले!"

पण कामाला वाघ. शाई जास्त झाली तर नुसत्या मशीनच्या आवाजावरून सांगतील. दोन रंग एकमेकांवरून केसभर जरी सरकले तरी "रजिस्टर हललं" म्हणत मशीन बंद. त्यांच्या तांड्यातले बरेचजण ऊसतोडीला गेले, हे शाळा सोडून इथं आले आणि इथलेच झाले.

असा माणूस एका लग्नपत्रिकेला घाबरला.

पत्रिका हरीओमची होती. तांड्याशेजारच्या गावातलं बड्या शेतीवाडीचं घर. तीन महिन्यांपूर्वी त्याची बायको रेणू विहिरीत गेली. पाय घसरला म्हणे. तिच्या तेरवीचं कार्ड आम्हीच छापलं होतं. आता दुसरं लग्न ठरलं. मुलगी कारंज्याकडची, संस्कृती नावाची. दोन्हीकडच्या पत्रिकेचं डिझाइन एकच, फक्त निमंत्रकांची नावं वेगळी.

पहिला कागद निघाला. कडेपर्यंत फिका गुलाबी, सपाट रंग. खेमाभाऊंनी तो उजेडात धरला, मशीन थांबवून पुसलं, दुसरा काढला, पुन्हा पुसलं, तिसरा काढला.

"निता, इकडं ये."

गुलाबी रंगात आणखी फिकी अशी एक जाड चौकट दिसत होती. चौकटीत अक्षरं होती. कै. सौ. रेणू.

तसं पाहिलं तर कारण साधं आहे. प्लेटवरची शाई आधी ब्लँकेटवर, म्हणजे रबराच्या चादरीवर उतरते, आणि तिथून कागदावर. तेरवीचं कार्ड छापलं त्या दिवशी खेमाभाऊ ब्लँकेट न पुसताच घरी गेले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. शाई वाळली, तेवढ्या जागेचं रबर फुगलं. त्यानंतर त्यावर नुसती हँडबिलं निघाली, बियाण्यांची, उरुसाची. बारीक मजकुरात असा दोष दिसत नाही. सपाट रंग आला की दिसतो. मी हे सगळं धडाधडा त्यांना सांगितलं.

"मले शिकवू राह्यली का तू?" ते खेकसले. मग हातातला कागद खाली ठेवला. "रबर फुगते, मले मालूम आहे. दहा डाव पुसलं मी. पण खाली तारीख होती, सारा मजकूर होता. तिचंच नाव काहून राह्यलं?"

नाव ठळक टायपात होतं म्हणून.

"मीच काढलं तिले विहिरीतून," खेमाभाऊ म्हणाले. "गावात अन् तांड्यात पोवता येणारा मी एकटा. दोन्ही मनगटाले दोराचे वळ होते. पंचनाम्यात पाय घसरला लिवलं. खाली पंच म्हणून माही सही आहे."

शरम वाटते सांगायला, पण मी म्हटलं, "भाऊ, नवं ब्लँकेट अकोल्याहून मागवू. तोवर मागं फुलांची नक्षी टाकते, नाव दबून जाईल." आणि खरंच फुलं टाकायला बसले.

तेवढ्यात मुलीचे वडील, जगदेवकाका, पेढ्यांचा डबा घेऊन दारात. कार्डं न्यायला कारंज्याहून आले होते. वेस्टेजच्या ढिगातला एक कागद उचलून म्हणाले, "रंग लय मस्त! पोरीले आवडीन." मग त्यांनी तो दाराच्या उजेडाकडं कलवला. "हे काय लिवलं याच्यात?"

"मशीनचा दोष आहे काका, नवीन छापून देऊ," मी घाईघाईनं म्हटलं.

खेमाभाऊंनी मशीन बंद केलं. जमिनीकडं बघत, एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. विहीर, वळ, सही.

जगदेवकाकांनी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "तवा काहून नाई बोलले?"

"भेव वाटलं."

"अन् आता?"

"आताबी वाटते."

"मंग मी काय करू? वळ तं जळून गेले तिच्यासंगं. बैठकीत काय सांगू, कागदावर नाव उमटलं म्हून लगन मोडतो? लोक हासतीन, अन् पोरगी तिथंच जाईन!"

याचं उत्तर माझ्याकडं होतं.

तेरवीच्या कार्डासाठी हरीओमनं मोबाइलमधला फोटो दिला होता, ती जायच्या आठ दिवस आधीचा. रेणूच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फुटलेला. "डाग काढून टाका, चांगली दिसली पाह्यजे," तो म्हणाला. मी कॉम्प्युटरवर उजव्या गालाची कातडी उचलून डाव्यावर बसवली. पाच मिनिटांचं काम. तो "वा!" म्हणाला, आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं होतं. त्यानंतर ते फोल्डर मी उघडलं नाही. कधी चुकून माउसचा बाण त्यावर गेला की हात मागं घ्यायचे.

आता उघडलं. मूळ फोटो तसाच होता. प्रिंट दिली. कागद हळूहळू बाहेर आला, आधी केस, मग कपाळ, मग तो डोळा.

"तुलेबी मालूम होतं?" खेमाभाऊंनी विचारलं. या वेळी टोमणा नव्हता. "हो," मी म्हटलं.

जगदेवकाकांनी फोटो उजेडात नेऊन पाहिला. मग पेढ्यांचा डबा बाजूला सारून एक कोरा कागद पुढं केला. "जे पाह्यलं ते लिवून, सही करून देसान का दोघं?"

मी दोघांचंही लिहिलं. खेमाभाऊंनी शाईचे हात पँटीला पुसले आणि पेन घेतलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली.